कोजागरीची पिल्लं, पौषातलं खुराडं

कडकनाथ जातीच्या कोंबडीची पंचवीस पिल्लं, एक दिवसाची, कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी झाबुआकडून इंदूरला आली. इंदूरजवळच्या राऊच्या पुढच्या प्लॉटवर आधीच अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा होता. नवी पिल्लं त्यांच्यात पूर्णपणे मिसळली ती पौष पौर्णिमेला, जवळजवळ तेरा आठवड्यांनी. बरेच जण हेच काम सहा आठवड्यांत उरकतात आणि मग डोकी सोललेली पिल्लं घेऊन डॉक्टरकडे पळतात. तेरा आठवड्यांतले पहिले सहा उबेचे असतात. उरलेल्या काळात पिल्लांवर फारसं काही करायचं नसतं, जुन्या कोंबड्यांची जागा बदलायची असते. त्या जागेबद्दल पुढे सविस्तर येईलच.

कोजागरीच निवडायचं कारण माळव्याच्या हवेत आहे. पावसाळ्यात इथली काळी माती आठ-आठ दिवस ओली राहते, आणि ओल म्हणजे रक्ती हगवण. मे महिन्यात पिल्लांना ऊब द्यायची की गारवा, तेच कळत नाही. ऑक्टोबरात जमीन वाळलेली असते, दिवस उबदार असतात, आणि कडाक्याची थंडी पडेपर्यंत पिल्लांच्या अंगावर पिसं आलेली असतात. दुसरा फायदा जुन्या कोंबड्यांकडून मिळतो. मार्गशीर्ष-पौषात दिवस लहान असतो, बऱ्याच कोंबड्या पिसं टाकत असतात आणि अंडी अशीही कमीच असतात. मिसळताना अंडी घटतातच, तेव्हा ती घट या दिवसांत पडलेली बरी.

एक दिवसाचं पिल्लू प्रवासाला घाबरत नाही. अंड्यातून निघण्याआधी पोटात ओढून घेतलेला बलक त्याला दोन दिवस पुरतो. पण म्हणून डबा दुपारभर गाडीत ठेवायचा नाही. पिल्लं दारात येण्याआधी किमान चार तास बल्ब चालू हवेत, कारण हवा लवकर तापते पण खालचा भुसा गारच राहतो आणि पिल्लू उभं असतं भुशावर.

पंचवीस पिल्लांना चार फूट व्यासाचं गोल कडं पुरतं. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा गोल वळवून त्याची टोकं बांधायची. गोलच हवं, कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला सुताराकडचे रंध्याचे छिलके, दोन ते तीन इंच. करवतीचा बारीक भुसा नको, तो दाणा समजून खाल्ला जातो. सोयाबीनचं भुसकट इकडे फुकट मिळतं, पण ते टोचतं आणि ओल धरलं की बुरशी येते. पहिले दोन दिवस वरून गोणपाट अंथरायचं. वर्तमानपत्राच्या गुळगुळीत कागदावर पाय घसरतात आणि दोन दिवसांत एखादं पिल्लू पाय फाकवून बसतं. तसं झालंच तर दोन्ही पायांना एक इंच अंतर ठेवून चिकटपट्टीची बेडी घालायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत लक्षात आलं तर चार दिवसांत पाय सरळ होतात, आठवड्यानंतर सहसा नाही.

ऊब देण्यासाठी साठ वॉटचे दोन बल्ब. एकच शंभराचा लावला आणि रात्री दोनला उडाला तर सकाळी अर्धीच पिल्लं जिवंत हाती लागतात. बल्ब तारेनं टांगायचे, नुसत्या वायरीवर नाही, आणि खाली जाळी लावायची. भुशात पडलेला बल्ब आग लावतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सियस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. कमी करायचं म्हणजे बल्ब दोन-तीन इंच वर ओढायचा. थर्मामीटर ठेवावा, पण विश्वास पिल्लांवर ठेवावा. बल्बखाली गोळा होऊन चिरकत असतील तर थंडी आहे. कडेला पत्र्याला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी ठेवून धापत असतील तर फार ऊब आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं झोत येतोय. सगळीकडे विखरून, काही खात, काही आडवी पसरून झोपलेली दिसली की बरोबर. पाय मागे टाकून झोपलेलं पिल्लू पहिल्यांदा पाहणाऱ्याला मेलेलंच वाटतं.

माळव्याच्या रात्री गार म्हणून नावाजलेल्या आहेत. माणसांना त्या सुखाच्या असल्या तरी कोजागरीनंतर दुपार आणि पहाट यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. दुपारी बरोबर बसवलेला बल्ब पहाटे चारला कमी पडतो. त्यामुळे उंची रात्रीच्या हिशोबानं ठरवायची आणि दुपारी एक बल्ब बंद करायचा. लाइट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या कापडात गुंडाळून मध्ये ठेवायच्या, वरून टोपलं. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही. तिचा वायू वासानं कळत नाही, आणि कळेपर्यंत पिल्लांच्या जोडीला राखण करणारा माणूसही आडवा झालेला असतो.

डब्यातून काढताना प्रत्येक पिल्लाची चोच एकदा कोमट पाण्यात बुडवायची. एकदाच, नाकपुड्या वर ठेवून. पहिले चार-सहा तास पाण्यात गूळ, लिटरला साधारण पन्नास ग्रॅम. त्याहून जास्त वेळ दिला तर हगवण लागते. एक लिटरची दोन भांडी, आणि त्यांच्या कडेच्या खाचेत काचेच्या गोट्या, म्हणजे पिल्लू आत पडून भिजत नाही. पाणी प्यायल्यावर दोन तासांनी दाणा: पहिला दिवस मक्क्याचा बारीक दलिया गोणपाटावर पसरून, त्यात चिक स्टार्टर (लहान पिल्लांचा तयार दाणा) मिसळून, दुसऱ्या दिवसापासून नुसता स्टार्टर. इंदूरच्या दुकानात ‘मुर्गी दाना’ म्हटलं तर समोरचा लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या दाण्याचं, पोतं काढतो, म्हणून ‘चूजे का स्टार्टर’ असं स्पष्ट सांगावं आणि पोत्यावर प्रोटीन 20 ते 22 टक्के लिहिलंय का, ते वाचावं. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला आठ-दहा ग्रॅम खातं, सहाव्यात पस्तीस-चाळीस. पंचवीस पिल्लांना आठ आठवडे पन्नास किलोचं एक पोतं पुरून उरतं.

पहिल्या रात्री दहा वाजता पाच-सहा पिल्लं हातात घेऊन मानेखालची दाण्याची पिशवी चाचपायची. भरलेली आणि मऊ लागली तर दाणा-पाणी दोन्ही सापडलं. कडक खड्यासारखी लागली तर दाणा खाल्ला, पाणी सापडलं नाही. रिकामी असेल तर त्या पिल्लाला उचलून भांड्याजवळ न्यायचं आणि बोटाच्या नखानं दाण्यावर टक-टक करायचं; आई चोचीनं करते तेच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन पिल्लांच्या मागे शी चिकटलेली दिसली. प्रवासात गारठलेल्या पिल्लांत हे हमखास होतं. वाळलेला गोळा पिसांना धरून बसतो, जागा बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. ओढून काढू नये, त्याबरोबर कातडी निघते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस मिनिट-दोन मिनिटं दाबून धरायचा, गोळा मऊ झाला की बोटानं अलगद सरकवायचा, कोरडं पुसायचं, खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं आणि पिल्लू ओलं असेपर्यंत बल्बखालून हलू द्यायचं नाही. बेंबी आणि ही जागा वेगळी ओळखता यायला हवी. बेंबी पोटाकडे, पुढे असते, आणि तिथला वाळका धागा खुडला की जंतुसंसर्ग ठरलेला. या दोनातलं एक वाचलं. आणखी एक पहिल्या आठवड्यात काही कारण न दिसता गेलं. पंचविसात एक-दोन जातात, त्याचं वाईट वाटून औषधांचा मारा सुरू करू नये.

लसींचं वेळापत्रक सोपं आहे, पाळणं कठीण. मरेक्स या रोगाची लस हॅचरीत पहिल्याच दिवशी देतात. दिली का, ते विचारून घ्यायचं. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा ही लस, डोळ्यात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची. अठ्ठाविसाव्याला लासोटा पुन्हा, पाण्यातून. सहाव्या आठवड्यात देवीची, पंखाच्या पातळ कातडीत. सातव्यात राणीखेतचीच दुसरी लस, आर-टू-बी, अर्धा मिली, कातडीखाली. कुप्या शंभर किंवा त्याहून जास्त डोसांच्या येतात, आणि फोडलेली दोन तासांत संपवावी लागते, म्हणून आसपासच्या दोन-तीन घरांनी एकाच दिवशी ठरवून आणावी. आणताना थर्मासमध्ये बर्फ. फ्रीजच्या दारात ठेवलेली लस दार उघडझाप करून बिघडते, आतल्या खणात ठेवावी.

पाण्यातून लस देताना इंदूरकरांची एक चूक नेहमीची. नळाला नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून शुद्ध होऊन, आणि त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन लशीतला जिवंत विषाणू मारून टाकतं. लस दिली, तारीख वहीत लिहिली, आणि प्रत्यक्षात पिल्लांना साधं पाणी पाजलं, असा प्रकार होतो. बोअरचं पाणी वापरावं, नाहीतर नळाचं रात्रभर उघड्या बादलीत ठेवून त्यात लिटरला पाच ग्रॅम बिनसायीची दूध पावडर आधी ढवळावी आणि मगच लस घालावी. त्याआधी दोन तास पिल्लांचं पाणी काढून घ्यायचं, म्हणजे ठेवल्या ठेवल्या पितात.

कोजागरीची पिल्लं दिवाळीत दोन आठवड्यांची असतात. हे या वेळापत्रकातलं एकच वैगुण्य. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके सुरू झाले की पिल्लं एकाच दिशेला धावून ढीग करतात. कडं गोल असल्यानं धोका कमी होतो, पण संपत नाही. तीन-चार दिवस आधीपासून खोलीत रेडिओ हळू आवाजात लावून ठेवायचा, त्या रात्री दिवा पूर्ण बंद करायचा नाही, आणि नऊ ते बारा कुणीतरी जवळ बसायचं. ढीग झाला की हातानं पसरायचा. ज्या बाजूनं धूर येतो ती खिडकी लावायची, वरचा झरोका उघडा.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीवर नजर. पिल्लू पिसं फुगवून, मान आत घेऊन, डोळे मिटून बसलं आणि शीमध्ये रक्त दिसलं तर त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून अँप्रोलियम सुरू करायचं. वीस टक्क्यांच्या पावडरीचं प्रमाण साधारण लिटरला सव्वा ग्रॅम, पाच ते सात दिवस. तेवढ्यापुरतं दुसरं पाणी ठेवायचं नाही. पण खरं औषध कोरडा भुसा. या रोगाची बीजं ओलाव्यात दोन दिवसांत पिकतात, कोरड्यात नाहीत. पाण्याचं भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणा, त्याखालचा ओला भुसा रोज मूठभर काढून टाका, निम्मं काम होतं. कामाचा क्रमही पाळायचा: आधी पिल्लं, मग जुन्या कोंबड्या, आणि दोन्हीकडे वेगळ्या चपला.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी ऊब बंद केली. एकदम नाही, आधी दिवसा, मग मध्यरात्रीपर्यंत, शेवटी पहाटेची. पाठ आणि मांड्या पिसांनी भरल्या असतील तरच.

आता जागेकडे. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचणार, याची उतरंड पक्की असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे या प्राणिशास्त्रज्ञानं 1921 मध्ये ती प्रथम नोंदवली. कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही आजीला ती आधीपासून ठाऊक होती, हा भाग वेगळा. व्यवहारात महत्त्वाचं हे की या उतरंडीची भांडणं बहुतेक जागेवरून होतात. हे भांडं माझं, दांडीचं हे टोक माझं, दुपारची ही सावली माझी. नवं पाखरू आलं की कोंबडी त्याच्याशी भांडत नाही, भांड्यासाठी भांडते. मालकी धरता येईल अशी जागाच कमी ठेवली की मारामारीला कारण उरत नाही.

मिसळण्याच्या तीन आठवडे आधी जुन्या कोंबड्या एकेक करून पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पाहिल्या. उवा-पिसवांसाठी कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख यांचा खड्डा करून दिला, जंताचं औषध दिलं. त्या औषधानंतर अंडी किती दिवस खायची नाहीत, ते लेबलवर वाचायचं.

दत्तजयंतीच्या सुमारास, आर-टू-बीला दहा दिवस झाल्यावर, पिल्लं जुन्यांच्या आवारातल्या सहा फूट बाय आठ फुटांच्या जाळीच्या पिंजऱ्यात आली. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. षटकोनी ‘मुर्गा जाळी’ कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालून एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरलेली, वर छप्पर. छप्पर शिक्र्यासारख्या शिकारी पक्ष्यासाठी आहेच, पण कावळ्यांसाठीही आहे. डिसेंबर 2020च्या शेवटी इंदूरात डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले आणि तपासणीत एच5एन8 बर्ड फ्लू निघाला. तेव्हापासून दाण्याचं भांडं उघड्यावर ठेवणं आम्ही बंद केलं.

पहिल्या दिवशी जुन्यांतली सगळ्यात थोर कोंबडी जाळीशी आली. मानेची पिसं फुलवून, मान लांब करून, एक डोळा जाळीला लावून बघत राहिली, मग समोरच्या पिल्लाच्या दिशेनं तारेवर चोच मारली. पिल्लू मागे सरलं. तिनं आणखी दोनदा मारली आणि जमीन उकरायला निघून गेली. हे दिवसातून पन्नासदा झालं, चौथ्या दिवशी दहादा. दाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर ठेवली, म्हणजे रोज दोन वेळा एकमेकांकडे तोंड करून खावं लागतं. ही पायरी दोन आठवड्यांपेक्षा कमी करू नये. जाळीवर चोच मारणं जवळजवळ थांबलं, हीच पुढे जायची खूण.

दाण्याचा घोळ इथेच मिटवायचा. लेयरच्या दाण्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, पिल्लांना एक टक्का पुरतं. जास्तीचं त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. उलट हगवणीचं औषध घातलेला स्टार्टर जुन्यांनी खाल्ला तर त्यांची अंडी खाऊ नयेत. म्हणून सगळ्यांना बिनऔषधी ग्रोअर (वाढत्या पिल्लांचा दाणा), आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. अंडी घालणारी गरजेपुरता चुरा खाते, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) त्याला तोंड लावत नाहीत.

पिंजऱ्यात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या तळाशी दोन फटी उघडल्या, साडेचार इंच रुंद आणि सात इंच उंच. पिल्लू आरपार जातं, जुनी कोंबडी अडकते. माप आपल्या कळपातल्या सर्वांत बारीक कोंबडीवर आधी तपासावं. कडकनाथची कोंबडी अंगानं सडपातळ असते. फटी दोन हव्यात, एकच ठेवली तर तिच्यासमोर एखादी पहारा देत बसते. पिल्लं धीर धरून बाहेर येतात, हाकललं की आत पळतात, आणि स्वतःच्या मर्जीनं ओळख वाढवतात. या सबंध प्रकारात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, तर ही फट.

याच सुमारास कोंबडे ओळखू येतात. तुरा मोठा, पाय जाड, मानेची पिसं टोकदार. तेवीसपैकी अकरा कोंबडे निघाले आणि ते वेगळ्या कुडात गेले. दहाएक कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. बारा तलंगाच मिसळायच्या होत्या. बाराही एकदम. दोन-दोन सोडल्या तर सगळ्या चोची त्या दोघींवरच पडतात.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी खुराड्याची आतली मांडणी उलटीपालटी केली. दांड्या सगळ्या एकाच उंचीवर आणल्या, कारण वरखाली असल्या की वरच्या दांडीवरून रोज संध्याकाळी तंटा होतो. दर कोंबडीला आठ इंच. दाण्याची भांडी एकाची तीन झाली, पाण्याची दोन, आणि एकमेकांपासून इतकी लांब की एका कोंबडीला दोन भांडी राखता येऊ नयेत. आवारात दोन पेंढ्या, एक आडवं टाकलेलं पिंप (दोन्ही तोंडं उघडी, नाहीतर तो सापळा होतो), एक तिरकी फळी. त्या दिवशी जुन्या कोंबड्या बाहेर सोडल्या आणि तलंगा दिवसभर रिकाम्या खुराड्यात फिरू दिल्या. अंधार पडल्यावर जुन्यांना आत घेतलं आणि तलंगा उचलून दांडीवर मध्ये-मध्ये बसवल्या. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती उठत नाही.

खरी परीक्षा सकाळी असते. पौषात इथे सूर्य सातनंतर उगवतो; साडेसहाला खुराड्याचं दार उघडायला माणूस हजर हवा. रात्री ठेवून नऊ वाजता उठणाऱ्यानं ही पद्धत वापरू नये.

डोक्यावर एक टोच, चार पावलं पाठलाग, आणि विषय संपला, हे चालू द्यावं. मध्ये पडलं की तोच हिशोब दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरू होतो. एकच कोंबडी एकाच तलंगेला कोपऱ्यात दाबून पिसं धरून सोडत नसेल, किंवा रक्त दिसलं, तर लगेच उठायचं. रक्ताच्या लाल ठिपक्यावर सगळा कळप चोच मारतो. जखमेला जेन्शियन व्हायोलेट हे जांभळं औषध लावलं की रंग झाकला जातो. वेगळं काढायचं ते मारणारीला, मार खाणारीला नाही. मारणारी चार दिवस नजरेआड राहिली की परत येते तेव्हा तिची उतरंडीतली जागा दुसरीनं घेतलेली असते. मार खाणारीला काढलं तर तीच परत येताना पाहुणी ठरते. आमच्याकडे एक जुनी अशी चार दिवस टोपल्याच्या पिंजऱ्यात गेली, तेवढ्यानं भागलं. जुना कोंबडा बहुधा मध्ये पडून भांडण मोडतो, पण त्यावर भिस्त ठेवू नये.

दहा दिवस अंडी घटली, मग पूर्ववत झाली. तलंगा महिनाभर वेगळा घोळका करूनच फिरल्या, तेही नेहमीचं. आठवड्यातून एकदा रात्री त्यांचं छातीचं हाड चाचपायचं. ते धारदार लागायला लागलं तर तलंग भांड्यापर्यंत पोचत नाहीये, तिसरं भांडं आणखी लांब हलवायचं. ही जास्तीची भांडी तलंगा अंड्यावर येईपर्यंत काढू नयेत. कडकनाथ सहा महिन्यांनी अंड्यावर येते, म्हणजे चैत्र उजाडतो. तोवर काही तलंगा दांडी सोडून अंड्यांच्या खोक्यात झोपायला लागतात, कारण तिथे कुणी टोचत नाही. संध्याकाळी पाचला खोक्यांच्या तोंडाला फळी लावायची आणि सकाळी काढायची, नाहीतर चैत्रातलं पहिलं अंडं शीनं माखलेलं मिळतं.